वीजघरात चित्रं लावली, मग वीज गेली कुठे?

भिंगरी (धागाकर्ती)

आधुनिक कलेतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. लेकीकडे लंडनला गेले होते. बाहेर पाऊस होता आणि टेट मॉडर्न या आधुनिक कलेच्या संग्रहालयात जायला पैसे पडत नाहीत, एवढ्या भांडवलावर आम्ही दोघी तिथं शिरलो.

पश्चिमेच्या दारातून आत पाऊल टाकलं की जमीन उतरायलाच लागते. भला रुंद उतार, दोन्ही बाजूंना पोलादाचे काळपट खांब, वर काचेतून झिरपणारा उजेड आणि मधे काही नाही. दीडशे मीटर लांब आणि ३५ मीटर उंच असं 'काही नाही'. याला टर्बाइन हॉल म्हणतात. लोक उतारावर पाय पसरून बसलेले, एक पोरगं गडगडत खाली चाललेलं, त्याची आई मोबाइलमध्ये. आम्हीही टेकलो.

तेवढ्यात पायाशी फरशीत एक वाकडीतिकडी रेघ दिसली. तडा गेलेला कोबा गवंड्यानं घाईत बुजवावा ना, अगदी तशी. तिच्या मागोमाग चालत गेले तर संपेचना. लेक म्हणाली, "आई, ते आर्ट होतं." डोरिस साल्सेदो या कोलंबियाच्या कलावतीनं २००७ मध्ये ही जमीन १६७ मीटर चिरली होती म्हणे. प्रदर्शन संपल्यावर भेग भरून टाकली, व्रण मात्र राहिला. चित्रं नंतर पुष्कळ पाहिली, पण घरी परतताना डोक्यात ती रेघच होती. ज्या फरशीवर एकेकाळी टर्बाइनची धडधड चालायची, ती मुद्दाम चिरायला दिली, हे काय प्रकरण आहे?

मग वाचत सुटले. ही इमारत म्हणजे बँकसाइड वीजकेंद्र. त्या जागी १८९१ पासून कोळशावरचं जुनं वीजघर होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर विजेची भयंकर टंचाई झाली आणि १९४७ मध्ये नव्या केंद्राला मंजुरी मिळाली. नदीपलीकडे समोरच सेंट पॉल्स चर्चचा घुमट, त्याच्या तोंडावर वीजकेंद्र म्हटल्यावर गहजब झाला. वास्तुकार होते जाइल्स गिल्बर्ट स्कॉट. ब्रिटनचा तो लाल टेलिफोन बूथ यांचाच. यांनी सगळा धूर एकाच चिमणीत घेतला, ती बरोब्बर मध्यावर उभी केली आणि उंची ९९ मीटरवर थांबवली, कारण घुमट १११ मीटरचा. देवळासमोर चप्पल काढावी तसा हा मान! पश्चिमेचा अर्धा भाग १९५२ मध्ये सुरू झाला आणि उरलेला पूर्ण व्हायला १९६३ उजाडलं. केंद्र तेलावर चालायचं. सत्तरच्या दशकात तेल भडकलं, वीज परवडेना, १९८१ मध्ये कुलूप लागलं. म्हणजे पूर्ण इमारत जेमतेम १८ वर्षं चालली. त्यानंतर १३ वर्षं नुसती कबुतरं. १९९४ मध्ये टेटनं जागा हेरली, हर्झोग आणि डी म्युरॉन या स्विस वास्तुकारांची निवड झाली आणि मे २००० मध्ये संग्रहालय उघडलं.

आता प्रश्न. जुन्या कारखान्याला नवं काम दिलं तर काही इमारती ते अंगाला लावून घेतात, काही ठिकाणी ते उसनं वाटतं. असं का होत असावं? तुम्ही पाहिलेल्या, अभ्यासलेल्या इमारतींबद्दल लिहा. (जुनी बंगली पाडून टॉवर या विषयावर तीन धागे आहेत. ते रडगाणं कृपया तिकडे.)

नुसताच वाचक

बूड टेकवलंय. लिहा लोकहो.

तारयंत्र

भिंगरीताई, लेख आवडला. पण शीर्षकाचं उत्तर तुम्ही दिलंच नाहीत, म्हणून हा म्हातारा मधे पडतो. माझी सारी नोकरी वीज खात्यात गेली.

वीज कुठेही गेलेली नाही. केंद्र बंद झालं म्हणजे वीज तयार होणं थांबलं. वाटप थांबवता येत नाही, कारण शहराच्या केबली तिथंच येऊन मिळालेल्या असतात. बँकसाइडच्या दक्षिण अंगाला स्विचघर होतं, आणि तिथलं उपकेंद्र टेट उघडल्यावरही चालूच राहिलं. एका भिंतीपलीकडे चित्रं आणि अलीकडे ट्रान्सफॉर्मर, असा संसार. पुढे वीज कंपनीनं यंत्रं बदलून जागा आटोपशीर केली, त्यातली काही संग्रहालयाला मिळाली आणि २०१६ ची दहा मजली वाढीव इमारत उभी राहिली. तिचं पहिलं नावच 'स्विच हाउस' होतं.

तुम्ही हॉलमध्ये शांत बसला असतात तर एक गुणगुण ऐकू आली असती. ती पंख्याची नव्हे. ट्रान्सफॉर्मरचा गाभा म्हणजे पातळ पोलादी पत्र्यांची चळत. चुंबकत्व बदललं की हे पत्रे केसाच्या कणभर अंशानं ताणतात आणि सैल होतात. तिकडे वीज सेकंदाला ५० सायकलची आणि दर सायकलला दोन वेळा ताण, म्हणजे सेकंदाला १०० हिसके. त्याचा जो सूर लागतो ती ती गुणगुण. आम्ही रात्रपाळीत त्यावर झोपायचो. सूर बिघडला की झोपेतसुद्धा कान टवकारायचे.

आणि ती उंची शोभेची नाही. टर्बाइनचा रोटर (फिरणारा भाग) दुरुस्तीला काढायचा तर सरळ वर उचलून, बाकीच्या यंत्रांच्या डोक्यावरून नेऊन बाजूला ठेवावा लागतो. म्हणून छताखाली रुळावरची क्रेन आणि क्रेनसाठी उंची. ती क्रेन तिथं अजून आहे, आता तिच्यानं शिल्पं उचलतात. मला विचाराल तर त्या इमारतीत सगळ्यात कमी बदललेली नोकरी त्या क्रेनची.

भिंगरी

काका, अहाहा! शेवटचं वाक्य वाचून मी आणि लेक दोघी हसलो. गुणगुणीचं मात्र खरंच लक्षात आलं नाही. पोरांचा गलका केवढा होता.

कमानदार

तारयंत्र काकांनी अर्धं उत्तर दिलंच आहे. मी या धंद्यातला (वास्तुकार) म्हणून उरलेल्या अर्ध्यात नाक खुपसतो.

कारखाना यंत्रासाठी बांधलेला असतो, माणसासाठी नव्हे. म्हणून तो सढळ असतो. खांब लांब लांब, जमीन वाटेल ते वजन पेलणारी, उजेड वरून. यंत्र काढलं की जी पोकळी उरते तशी आज कोणी पदरचे पैसे घालून बांधणार नाही. हर्झोग-डी म्युरॉन यांचं शहाणपण एवढंच की त्यांनी ती पोकळी मजले टाकून भरली नाही. उलट जमीन तळघरापर्यंत खाली नेली आणि तो उतार केला. चित्रांची दालनं बाजूच्या बॉयलर घरात रचली. जमिनीखालच्या तेलाच्या तीन गोल टाक्यासुद्धा टाकून दिल्या नाहीत. त्यांतल्या दोन २०१२ मध्ये नाच आणि सादरीकरणांसाठी उघडल्या.

आता उलटं उदाहरण घ्या. केपटाउनच्या बंदरात १९२० च्या दशकातलं धान्याचं कोठार आहे, ५७ मीटर उंच. आत मजले नाहीत, खोल्या नाहीत, नुसत्या काँक्रीटच्या ४२ उभ्या नळ्या. धान्य वरून ओता, खालून काढा. अशा इमारतीत माणूस उभा कुठे राहणार? डिझायनर थॉमस हेदरविकनं मक्याचा एक दाणा घेतला, त्याचा आकार मोठा केला आणि तो त्या नळ्यांच्या गाभ्यातून कोरून काढला. कापलेल्या नळ्यांच्या कडा आता डोक्यावर कमानींसारख्या लोंबतात. २०१७ मध्ये तिथं आफ्रिकेतल्या समकालीन कलेचं झाइट्स संग्रहालय उघडलं. दिसतं अफाट. पण तिथं इमारतीला नवं काम मिळावं म्हणून तिचं पोट फाडावं लागलं. बँकसाइडला नुसतं झाडून घेतलं.

व्हिएन्नाचे गॅसोमीटर (गॅस साठवायच्या टाक्या) तिसऱ्या जातीचे. १८९६ ते ९९ मधले विटांचे चार प्रचंड पिंप. १९९९ ते २००१ मध्ये चार वेगवेगळ्या वास्तुकारांनी आत घरं, कार्यालयं, दुकानं बसवली. बाहेरची साल शंभर वर्षांची आणि गर कोरा. राहायला बरं असेल, पण आत उभं राहून इथं गॅस होता हे कळायला पाटी वाचावी लागते.

खडूस

सगळे 'पोकळी पोकळी' करून गहिवरलेत. त्या पोकळीत माणसं कामाला होती, ती कुठे गेली यावर कोणी बोलेल का? फरशीवरच्या भेगेचं कौतुक आहे. कामावरून काढलेल्यांची भेग कोण भरणार?

इटलीतल्या तुरीनचं लिंगोत्तो घ्या. फियाटचा मोटारींचा कारखाना. आज तिथं हॉटेल, मॉल, सभागृह, चित्रदालन. २०२१ मध्ये गच्चीवरच्या चाचणी-मार्गावर ४०,००० रोपं लावून बाग केली. वा वा. आणि १९८० मध्ये त्याच तुरीनच्या रस्त्यावर ४०,००० कामगार उतरले होते, ते कोणाला आठवतंय? आकडा तोच, फक्त माणसांच्या जागी रोपं.

पायवाट

खडूस, चमकदार वाक्याच्या नादात तुम्ही इतिहास उलटा टांगलात. 'चाळीस हजारांचा मोर्चा' म्हणून जो ओळखला जातो (१४ ऑक्टोबर १९८०) तो कामगारांचा नव्हताच, तो संपाच्या विरोधातला मोर्चा होता. फियाटनं हजारो लोकांना कमी करायचं ठरवलं, त्यावर ३५ दिवस संप चालला, आणि मग मुकादम, कारकून, अधिकारी 'आम्हाला कामावर जाऊ द्या' म्हणत निघाले. त्यानंतर संप कोसळला आणि सुमारे २३,००० लोक घरी बसले. तुमचा मुद्दा पडत नाही, उलट जास्त कडू होतो. पण ते ४०,००० तुमच्या बाजूचे नव्हेत.

लिंगोत्तोबद्दल थोडं, कारण ही इमारत माझ्या फार आवडीची. मात्ते-त्रुक्को या अभियंत्यानं काढलेली, १९१६ ला काम सुरू, १९२३ मध्ये उद्घाटन. पाच मजले, अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांबी. कच्चा माल तळमजल्यावर शिरायचा आणि गाडी एकेक मजला वर चढत जुळत जायची. गच्चीवर पोचली की तयार! तिथंच दोन सरळ पट्टे आणि टोकांना कललेली वळणं असा चाचणी-मार्ग. चक्कर मारून पास झाली की गोल वळत जाणाऱ्या उतारावरून खाली, थेट रस्त्यावर. कारखाना म्हणजे जणू एक उभा रहाट.

आणि हाच आकार तिच्या मुळावर आला. जुळणीची साखळी आडवी, सपाट जमिनीवर पसरलेली स्वस्त पडते. १९३९ मध्ये फियाटनं शहराच्या कडेला मिराफिओरीचा सपाट कारखाना काढला. त्यानंतर लिंगोत्तो हळूहळू मागे पडत गेलं आणि १९८२ मध्ये बंद झालं. मग वास्तुकार रेंझो पियानोनं त्याचे तुकडे पाडून वाटे केले: आधी प्रदर्शन केंद्र, १९९४ मध्ये सभागृह, नंतर हॉटेल, तुरीनच्या तंत्रविद्यापीठाचे वाहन अभियांत्रिकीचे वर्ग, २००२ मध्ये गच्चीवर फियाटवाल्या अन्येल्ली कुटुंबाच्या चित्रांची पेटी. कमानदार म्हणतात त्या तीन जातींत हे बसत नाही. एवढी लांबलचक इमारत एका कामानं भरतच नाही, तिला भाडेकरूच ठेवावे लागतात. पण जिथं गाड्या बनायच्या तिथंच गाड्या शिकवायला लागले, हे मला बरं वाटतं.

खडूस

पायवाट, चूक कबूल. मोर्चाचं डोक्यात उलटं बसलं होतं. कडूपणा मात्र माझ्याकडेच राहू द्या.

तारयंत्र

खडूसरावांच्या रागाला माझी अर्धी सही. बंद पडलेल्या केंद्रात मी एकदा सामान मोजायला गेलो होतो. कुठलं ते सांगत नाही. कंट्रोल रूममध्ये टेबलाच्या काठावर चार खाचा झिजलेल्या होत्या, जिथं ऑपरेटर कोपर टेकून मीटर बघत असायचे तिथं. यादीत लिहिलं, 'टेबल, लाकडी, जुने, १ नग'. दुसरं काय लिहिणार? जतन करणारेसुद्धा मोठी यंत्रं जपतात, कोपराच्या खाचा कोण जपतो.

मुक्ता७

थोडं हलकं घेऊ का? टर्बाइन हॉलमध्ये २०१० मध्ये कलावंत आय वेवेईनं चिनी मातीच्या १० कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या होत्या. एकेक बी हातानं रंगवलेली. लोकांनी त्यावर चालावं, मुठीत घ्याव्यात, अशी कल्पना. दोन-तीन दिवसांतच लक्षात आलं की बिया घासून बारीक धूळ उठतेय, श्वासाला वाईट. झालं, दोरी लावली, लांबून बघा!

वीजकेंद्र असतं तर तोंडाला फडकं बांधून पाळी पुरी करायला लावली असती.

सावली

इतके दिवस नुसती वाचत होते, पण आता राहवत नाही. ब्राझीलमधल्या साओ पावलोचं सेस्क पोंपेया कोणीच कसं काढलं नाही?

पोंपेया ही कामगार वस्ती. तिथं पिंपं बनवायचा बंद कारखाना होता, विटांच्या लांब शेडी आणि काँक्रीटचा सांगाडा. सेस्क म्हणजे व्यापार क्षेत्रातल्या मालकांकडून पगारपत्रकावर जी पट्टी घेतात, तिच्यावर चालणारी कामगार कल्याणाची संस्था. तिनं जागा घेतली आणि तिथं केंद्र उभारायचं काम लीना बो बार्दी या वास्तुकार बाईला दिलं. तिनं लिहून ठेवलंय की पहिल्यांदा गेली तेव्हा तिला रिकाम्या शेडींचा सांगाडा आवडला. दुसऱ्यांदा गेली ती शनिवारी. बघते तर पोरं धावतायत, फुटक्या छतातून गळणाऱ्या पाण्यात फुटबॉल चाललाय, आया मांस भाजतायत, पलीकडे बाहुल्यांचा खेळ. तिनं ठरवलं, हे असंच राहिलं पाहिजे.

थांबा आणि विचार करा. इमारतीचा नवा उपयोग वास्तुकारानं शोधलाच नाही. तो वस्तीनं आधीच शोधला होता. बाईनं गिलावा खरवडून विटा उघड्या केल्या, छत नीट केलं, शेडीच्या फरशीतून पाण्याचा एक उथळ, वळणांचा ओहोळ सोडला. शेजारी खेळांसाठी काँक्रीटचे मनोरे, त्यांना खिडक्यांऐवजी गुहेसारखी वेडीवाकडी भोकं, मधे हवेतून जाणारे पूल. १९८२ मध्ये शेडी उघडल्या, १९८६ मध्ये मनोरे. तिथं म्हातारे बुद्धिबळ खेळतात, कोणी नुसतं लवंडतं, पेंगतं. कोणी हटकत नाही.

भिंगरी, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. इमारत नवं काम कधी अंगाला लावून घेते? जेव्हा दाराबाहेरच्यांना ते काम आधीपासून हवं असतं तेव्हा.

कमानदार

सावली, सुरेख. पण हा नियम केला तर बँकसाइड नापास होतं. १९९४ मध्ये तिथल्या कोणाला आधुनिक कला हवी होती? तरी पहिल्या वर्षी २० लाख येतील असा अंदाज असताना ५० लाखांहून जास्त माणसं आली.

सावली

माणसं आली. शेजारी कोण आलं तेही बघा की. २०१२ मध्ये बाजूला पूर्ण काचेच्या भिंतींचे महागडे फ्लॅट झाले. २०१६ मध्ये तारयंत्र काका म्हणाले ती वाढीव इमारत झाली, तिच्या दहाव्या मजल्यावर चहूबाजूंनी फिरून शहर बघायची गॅलरी. वर्षाला पाच-सहा लाख लोक. ते शहर बघता बघता समोरच्यांचा दिवाणखानाही बघणार, फोटो काढणार. फ्लॅटवाले कोर्टात गेले. खालच्या दोन्ही कोर्टांत हरले. पडदे लावा की, असं ऐकून घ्यावं लागलं. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन अशा मतांनी जिंकले. जुन्या वीजकेंद्रामुळे ज्या जागेला भाव आला, त्या जागेनंच वीजकेंद्राला डोळे मिटायला लावले.

खडूस

काचेचं घर घ्यायचं आणि वर लोक बघतात म्हणून रडायचं! पहिल्यांदाच मी संग्रहालयाच्या बाजूनं बोलतोय, नोंद घ्या.

पायवाट

नोंद घेतली. :)

पण ही गोष्ट बॅटरसी वीजकेंद्राशेजारी ठेवून बघा. तेही लंडनच, तेही स्कॉटचंच बाह्यरूप, चार चिमण्या. १९८३ मध्ये बंद. करमणूक उद्यान करायचं म्हणून यंत्रं बाहेर काढायला छत उतरवलं, मग पैसे संपले, आणि इमारत वर्षानुवर्षं उघडी भिजत राहिली. मालक बदलले, आराखडे बदलले. शेवटी चिमण्यांचं काँक्रीट इतकं खराब झालेलं निघालं की चारही पाडून हुबेहूब नव्या बांधल्या. २०२२ मध्ये दारं उघडली: दुकानं, फ्लॅट, ॲपलची कचेरी, आणि एका चिमणीत पर्यटकांची लिफ्ट. बँकसाइडला पुन्हा उघडायला १९ वर्षं लागली, इथं जवळपास ४०. फरक माझ्या मते छताचा. बँकसाइडला कुलूप होतं, पण डोक्यावर छप्पर होतं. नवं काम काय द्यायचं यावर खुशाल भांडा, आधी छप्पर दुरुस्त करा.

तारयंत्र

लाख बोललात. यंत्र काढायचं असेल तर दारातून काढा, छतातून नको, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

भिंगरी

सगळ्यांचे मनापासून आभार. सावली, तुझं उत्तर पटलं, कमानदारांचा आक्षेपही पटला. आता काय करू?

काकांसाठी खास. लेकीला काल मुद्दाम पाठवलं, सकाळी उघडायच्या वेळेला, पोरं यायच्या आत. दक्षिणेकडच्या भिंतीला कान लावून उभी राहिली तर रखवालदार आला. तिला वाटलं आता हाकलतो. तो म्हणाला, "आवाज ऐकताय ना? त्या कोपऱ्यात जा, तिथं जास्त येतो."

तिनं रेकॉर्ड करून पाठवलाय. सूर बरोबर लागलाय का ते तुम्हीच सांगा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.